भाटी (मादी मांजर) रात्रभर ओरडते, भिंतीवर मुतते. एकदा विऊ दिली तर शांत होते का?

कृष्णाकाठ (शुक्रवार, रात्री ११.४०)
विश्रामबाग, सांगली. भाटी सात महिन्यांची, वजन अडीच किलो, पूर्ण घरातली. पाच दिवस झाले, रात्री अकरा ते पहाटे चार ओरडणं. लोळते, पुढून दबते, मागून उचलते, शेपटी एका बाजूला घेते आणि मागचे पाय जागच्या जागी आपटते. खाणं निम्म्यावर. परवापासून सोफ्यामागच्या भिंतीवर मुतते, वाळूचा ट्रे स्वच्छ असूनही. तीन आठवड्यांपूर्वीही हेच चार-पाच दिवस झालं होतं.

घरातल्या मोठ्यांचं मत : एकदा विऊ दे, आपोआप शांत होईल. शेजाऱ्यांचं मत : पोत्यात घाल आणि सांगलवाडीला सोडून ये. दुसरं होणार नाही. पहिल्यात काही तथ्य आहे का? आणि ऑपरेशन करायचं तर आत्ता की थांबून?

मिरजमामा (शुक्रवार, रात्री ११.५२)
सांगलवाडीत आधीच तुमच्याकडच्या निम्म्या मांजरी आहेत. पूल ओलांडून परत यायला त्यांना रिक्षा लागत नाही.

पोवईनाका (शनिवार, सकाळी ७.१५)
वर्णन वाचून शंकाच उरत नाही, ती माजावर आलीय. दुखत नाहीये.

आपल्याकडे माज म्हटलं की गाय डोळ्यांपुढे येते आणि घोटाळा तिथेच होतो. गाय २१ दिवसांनी माजावर येते, दिवसभरात ओसरते, वळू दाखवला काय न दाखवला काय, बीज सुटतंच. मांजरीचं तसं नाही. बहुतेकदा बोक्याशी संग झाला तरच मेंदूकडून हुकूम जातो आणि पुढच्या २४ ते ५० तासांत बीज सुटतं. संग झाला नाही तर तयार बीजं जागीच विरतात, आठ-दहा दिवस घर शांत, तोवर पुढची तुकडी तयार. माज सरासरी सात दिवसांचा, कधी दोन-तीन, कधी दोन आठवडेही. म्हणजे दर दोन-तीन आठवड्यांनी तोच तमाशा. तुमचं 'तीन आठवड्यांपूर्वीही' या हिशेबात चपखल बसतं.

गायीसारखी बळस (माजातला चिकट स्राव) दिसेल म्हणून वाट बघू नका. मांजरीत स्राव जवळजवळ दिसत नाही, कुत्रीसारखं रक्तही जात नाही. मागून रक्त किंवा पू दिसला तर तो माज नव्हे, तो आजार.

शाहूपुरी७ (शनिवार, सकाळी ८.०३)
पण थंडीत या बंद होतात ना? दिवाळी ते संक्रांत शांतता असते असं ऐकलंय.

पोवईनाका (शनिवार, सकाळी ८.३०)
बाहेरच्या मांजरीत थोडीफार. माज उजेडावर चालतो. दिवस मोठा तशी भाटी माजावर, बारा-चौदा तास उजेड मिळाला की चक्र जोरात. युरोपातल्या पुस्तकांत हिवाळ्यात सुट्टी लिहिलेली असते, कारण तिकडे डिसेंबरात दिवस आठ तासांचा. सातारा-सांगलीत सगळ्यांत लहान दिवससुद्धा अकरा तासांचा असतो, वर घरात रात्री अकरापर्यंत ट्यूबलाइट. भाटीच्या लेखी बारा महिने जून.

सुईदोरा (शनिवार, दुपारी २.१०)
पशुवैद्यक म्हणून काही भर.

माज समजण्याआधी दोन गोष्टी बाद करा. एक, लघवीचा त्रास. भिंतीवर मारणारी भाटी उभी असते, शेपटी ताठ आणि थरथरती, धार थोडी, मागच्या दिशेने, जमिनीपासून वीतभर किंवा जास्त उंच. मूत्राशयाला सूज असलेली मांजर बसते, पुन्हा पुन्हा बसते, कुंथते, दोन थेंब येतात, कधी गुलाबी. ती मोरीत, बेसिनमध्ये, गार फरशीवर बसू लागते. अशी असेल तर लघवी तपासा. बोक्यात याच लक्षणांनी लघवी पूर्ण तुंबते आणि एक-दोन दिवसांत जीव जातो. भाटीत तसं क्वचित, पण दुर्लक्ष नको.

दोन, वय. दहा वर्षांपुढची मांजर रात्री ओरडत असेल, खूप खाऊनही वाळत असेल तर थायरॉइड आणि रक्तदाब बघावा लागतो.

तुमची सात महिन्यांची आहे. पहिला माज चार ते दहा महिन्यांत कधीही येतो, वजन सव्वादोन-अडीच किलोच्या घरात गेलं की साधारण वेळ झाली समजायची. चार महिन्यांच्या पोरवयातही गाभण राहते, हे लोकांना खरं वाटत नाही.

खालच्या_आळीची (शनिवार, दुपारी ३.२५)
सगळे ऑपरेशनवर पोचलेत, पण तिला आज रात्री काय करायचं ते कोणी सांगेना.

ओरडली की रागवायचं नाही, पाणी मारायचं नाही. तिच्या हातात नाही ते. पाणी मारल्याने आवाज थांबत नाही, ती फक्त तुम्हाला बिचकायला लागते, आणि बिचकलेली मांजर आणखी जागोजागी मुतते. संध्याकाळी दोनदा दहा-दहा मिनिटं दोरीमागे पळवा, मग पोटभर जेवण, मग अंधार. खोली शक्यतो अशी, जिच्या खिडकीतून गल्लीतले बोके दिसणार नाहीत. खिडकीला खालून अर्धा कागद चिकटवला तरी फरक पडतो.

ट्रे दोन ठेवा. मांजरी जितक्या त्याहून एक जास्त, असा नियम. वखारीतला भुसा वापरत असाल तर तो कोरडा, जाडसर आणि रंग-पॉलिश न लागलेल्या लाकडाचा हवा. बारीक पूड नको, नाकात जाते.

कंबरेवर थोपटल्याने ती आणखी दबते आणि पाय आपटते. प्रेमाने थोपटणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावं, तिथे शांत करणं होत नाही, उलटंच होतं.

वळचण (शनिवार, सायं. ६.४०)
पळून जाण्याचं बघा आधी. माजातली भाटी नेहमी जिथून जात नाही तिथून जाते. डासांची प्लॅस्टिक जाळी ती नखांनी दहा मिनिटांत फाडते. एक इंची चौकोनाची वेल्ड जाळी लावा, फ्रेमला स्क्रू-वॉशरने, खिळ्यांनी नको. साताऱ्याकडच्या जुन्या कौलारू घरांत भिंत आणि कौलांच्या मध्ये वळचणीला फट असते, डोकं गेलं की मांजर गेली. संडासाची काचपट्ट्यांची खिडकी, गॅलरीत पाइपमागची जागा, दूधवाला आला की उघडं राहणारं दार. बोका मुळात आत येऊ शकतो हेही विसरू नका, कौल सरकवून येतो.

मिरजमामा (शनिवार, सायं. ६.५५)
वाड्याच्या माळ्यावर हा कार्यक्रम झाला की घरातले म्हणतात भूत आलं. गुरव येऊन नारळ फोडून जातो. नऊ आठवड्यांनी भूत पाच पिल्लं घेऊन खाली उतरतं.

शाहूपुरी७ (शनिवार, सायं. ७.२०)
पाचही एकाच बापाची असतील असं नाही, बरं का.

सुईदोरा (शनिवार, रात्री ८.०५)
बरोबर. एका माजात ती अनेकदा आणि अनेक बोक्यांशी संग करते. एक वेळ बऱ्याचदा पुरत नाही, चार-पाच वेळा झाला की बीज सुटायची खात्री वाढते. त्यामुळे एका वेतात दोन-तीन बापांची पिल्लं असू शकतात. गर्भकाळ सरासरी ६३ ते ६५ दिवस. तीन आठवड्यांच्या सुमाराला सड गुलाबी आणि मोठे दिसतात, सोनोग्राफीत त्याच सुमाराला कळतं. पिल्लं किती ते एक्सरेत दीड महिन्यानंतर.

यातला एक पेच : नसबंदी झालेला बोकाही कधीकधी चढतो. गर्भ राहत नाही, पण बीज सुटतं आणि भाटी ३५-४५ दिवस खोट्या गाभणपणात शांत बसते. लोकांना वाटतं सुटलो. मग पुन्हा सुरू. शिवाय ताजी नसबंदी झालेला बोका पुढचे काही आठवडे खरोखरच गाभण ठेवू शकतो, तेव्हा त्याला महिना-दीड महिना वेगळाच ठेवा.

गोडोली_तळं (शनिवार, रात्री ९.३०)
मेडिकलमध्ये माज बंद करायची गोळी मिळते म्हणे. आठवड्याला एक. ऑपरेशनचा खटाटोप कशाला?

सुईदोरा (शनिवार, रात्री १०.१२)
नको. त्या प्रोजेस्टेरॉनसारख्या संप्रेरकांच्या गोळ्या, इंजेक्शनंही त्याच जातीची. माज थांबतो, पण सड एकाएकी लिंबाएवढे फुगतात, साखर वाढते, आणि गर्भाशयात पू व्हायची वाट मोकळी होते. पू झाला की मांजर पाणी खूप पिते, खात नाही, पोट फुगतं, ताप येतो. गर्भाशयाचं तोंड बंद असेल तर बाहेर काही दिसतही नाही. तेव्हा तेच ऑपरेशन अर्धमेल्या मांजरीवर करावं लागतं. बायकांच्या गर्भनिरोधक गोळ्या अर्ध्या-पाव करून देणारेही आहेत. त्यांना हात जोडतो.

मिरजमामा (शनिवार, रात्री १०.२०)
गोळी द्यायचीच नाही म्हणता, पण जंताची तरी? कंदी पेढ्यात दाबून देता येते.

खालच्या_आळीची (शनिवार, रात्री १०.३४)
मामा, मांजराला गोड चव कळतच नाही. जिभेवरचा गोड ओळखणारा ग्राहकच (रिसेप्टर) निकामी असतो. पेढा खाल्लाच तर दुधाच्या स्निग्धापायी. साताऱ्याचा पेढा वाया घालवण्याचा हा सगळ्यांत महाग मार्ग आहे. उकडलेल्या कोंबडीच्या चिमटीत गोळी लपवा.

हरिपूर_रोड (रविवार, सकाळी ९.१०)
वास! वासाबद्दल कोणीच बोलत नाही. फिनेल टाकून टाकून थकलेली मंडळी असतील इथे.

भुसारी_पेठ (रविवार, सकाळी १०.४५)
फिनेल हीच चूक. काळं असो वा पांढरं, त्यातली रसायनं मांजराचं यकृत निकामी करू शकतात, ती पायाला लागतात आणि चाटून पोटात जातात. डेटॉलही त्याच पंगतीत. ब्लीचने तर मुतातल्या अमोनियाशी मिळून विषारी वाफ होते. आणि एवढं करून वास जात नाही, कारण मुताचा रेंगाळणारा भाग पाण्यात नीट विरघळत नाही.

काम असं करा. रात्री दिवे बंद करून जांभळ्या (यूव्ही) किरणांचा टॉर्च मारा, वाळलेलं मूत पिवळट-हिरवं चमकतं. खडूने खूण करा. ओलं असेल तर जुनं फडकं दाबून टिपा, पुसू नका, पसरतं. साध्या पाण्याने दोनदा टिपा. मग पाळीव प्राण्यांसाठी मिळणारा एन्झाइमचा द्रव डागाच्या बाहेर चार बोटं जाईल इतका ओता आणि किमान पंधरा मिनिटं ओला राहू द्या. सोफ्याच्या फोममध्ये मूत जितकं खोल गेलंय तितका द्रव खोल जायला हवा, वरवर फवारून उपयोग नाही. प्लॅस्टिक झाकून रात्रभर ठेवलं तर उत्तम. आधी फिनेल वापरलं असेल तर ते पाण्याने पूर्ण काढा, नाहीतर एन्झाइम तिथेच मरतात.

हरिपूर_रोड (रविवार, सकाळी ११.०२)
निम्मं पाणी निम्मं व्हिनेगर चालतं ना? स्वस्तात होतं.

भुसारी_पेठ (रविवार, सकाळी ११.३०)
ग्लेझ्ड टाइल्सवर चालेल. शहाबादी, कोटा, मार्बलवर अजिबात नको. हे सगळे चुनखडीचे दगड, आम्ल पडलं की पॉलिश उडून पांढरा डाग कायमचा. शहाबादी फरशीला सांधे आणि छिद्रं दोन्ही असतात, तिथे एन्झाइमच दोनदा. चुन्याच्या भिंतीने मूत शोषलं असेल तर खरवडून नवा हात देण्यावाचून गत्यंतर नाही.

कृष्णाकाठ (रविवार, दुपारी १२.१५)
आमच्याकडे शहाबादीच आहे. व्हिनेगरची बाटली हातात होती, ठेवून दिली.

ऑपरेशन कधी? इथल्या एका दवाखान्यात सांगितलं, माज संपल्यावर दोन-अडीच महिने थांबा.

पोवईनाका (रविवार, दुपारी १.४०)
तो हिशेब कुत्रीचा. कुत्रीचा माज वर्षातून दोनदा, त्यानंतर दोन महिने संप्रेरकं वर असतात म्हणून थांबतात. मांजरीत दोन महिने थांबलात तर मधे तीन माज येऊन जातील. मुहूर्त कधीच सापडायचा नाही.

सुईदोरा (रविवार, दुपारी ३.२०)
सहमत. माजात ऑपरेशन करता येत नाही असंही नाही. गर्भाशय आणि रक्तवाहिन्या फुगलेल्या असतात, ऊती ठिसूळ, म्हणून रक्त थोडं जास्त जातं आणि वेळ जास्त लागतो. हात बसलेला सर्जन करतो. पण घाई नसेल तर ओरडणं थांबल्यावर चार ते सात दिवसांतली तारीख सगळ्यांत चांगली. त्याहून लांबवली की पुढचा माज आलाच.

गोडोली_तळं (रविवार, दुपारी ४.०५)
शिरवळचं कॉलेज आहे ना, क्रांतिसिंह नाना पाटील पशुवैद्यकीय महाविद्यालय. तिथे होतं का?

शाहूपुरी७ (रविवार, दुपारी ४.३०)
साताऱ्याहून पुण्याच्या वाटेवर पडतं, सांगलीकराला लांब. कुठेही न्या, आधी फोन करून चार प्रश्न विचारा : मांजरांची ऑपरेशनं नेहमी करता का, कोणत्या वारी, भूल इंजेक्शनची की वायूची, नंतर किती तास ठेवून घेता. सरकारी दवाखान्यांत गाई-म्हशींचं काम मोठं, मांजराचा दिवस ठरवून घ्यावा लागतो.

वळचण (रविवार, सायं. ५.१५)
न्यायला पोतं नको, पुठ्ठ्याचा खोका नको. पिंजरा नसेल तर द्राक्षांचे दोन प्लॅस्टिक क्रेट एकावर एक पालथे घालून चारही बाजूंनी केबल टाय. तासगावाकडे मिळतात तसे. आत जुना टॉवेल, वर चादर. केबल टाय कापायला कात्री बरोबर घ्या, नाहीतर दवाखान्यात दातांनी तोडत बसाल.

सुईदोरा (रविवार, रात्री ८.५०)
मोठ्या मांजरीचं शेवटचं खाणं आदल्या रात्री, पाणी सकाळपर्यंत. चार-पाच महिन्यांच्या पिल्लाला मात्र तीन-चार तासांपेक्षा जास्त उपाशी ठेवू नका, साखर उतरते. नेमकी वेळ तुमच्या डॉक्टरांकडून घ्या, भुलीच्या पद्धतीवर ठरते.

नंतर गळ्यात कोन (जखम चाटू न देणारी कॉलर) दहा ते चौदा दिवस. काढला तर टाके तिने काढले समजा. पहिल्या रात्री जमिनीवरच अंथरूण, उंचावर चढू देऊ नका. जखम सकाळ-संध्याकाळ बघा : कडा जुळलेल्या, कोरडी, थोडी सूज चालते. ओल, वास, फट, हिरड्या पांढऱ्या, चोवीस तासांत अन्नाला तोंड नाही, यातलं एकही दिसलं तर फोन.

पॅरासिटामॉल कधीही नाही. अर्धी गोळीही मांजराला मारते. आणि सांगलीकरांसाठी खास : जखमेवर हळद नको. ती चाटते, टाका ओला होतो आणि पिवळ्या रंगाखाली लाली झाकली जाते.

हरिपूर_रोड (रविवार, रात्री ९.०५)
सांगलीत हळद नको म्हणणं म्हणजे धाडसच.

खालच्या_आळीची (सोमवार, सकाळी ८.२०)
थोडं अवांतर. सात महिन्यांपर्यंत 'बोका' समजून वाढवलेली मांजर ओरडायला लागते तेव्हा घराला कळतं की ती भाटी आहे. पिल्लू घेतानाच शेपटी उचलून बघा. दोन ठिपके अंतर ठेवून, म्हणजे विसर्गासारखे, तर बोका. ठिपका आणि लगेच खाली उभी चीर, अंतर अगदी थोडं, तर भाटी. तिरंगी पिल्लू, पांढरं-काळं-केशरी, जवळपास नेहमी भाटीच. केशरी रंगाचं जनुक एक्स गुणसूत्रावर असतं, काळा आणि केशरी दोन्ही एकत्र यायला दोन एक्स लागतात.

गोडोली_तळं (सोमवार, सकाळी ९.००)
मूळ प्रश्न राहिलाच की. एकदा विऊ द्यायचं का? आमच्याकडच्या जुन्या माणसांचं म्हणणं, आईपण आलं की भाटी स्थिरावते. मला ते पूर्ण खोटं वाटत नाही.

पोवईनाका (सोमवार, सकाळी १०.२५)
त्यांनी बघितलं ते खरं, अर्थ चुकीचा लावला. गाभण असताना नऊ आठवडे माज नसतो, पाजत असताना बहुतेकदा नसतो. हे तीन-चार महिने शांत जातात, म्हणून वाटतं स्थिरावली. पिल्लं आठ आठवड्यांची होऊन सुटली की दोन-चार आठवड्यांत पुन्हा माज, काहींना तर पिल्लं अंगावर असतानाच. शांतता आईपणामुळे आली नव्हती, चक्र थांबलं होतं म्हणून आली.

आणि पाजती भाटी शांत हे तरी कोणी सांगितलं? पिल्लांजवळ गेलात की फिस्कारणं, ओरबाडणं, कुत्र्यावर धावून जाणं. वर सात घरं फिरवते : कपाटातून माळ्यावर, माळ्यावरून शेजारच्या गादीच्या कोठीत.

सुईदोरा (सोमवार, दुपारी १.१५)
वैद्यकीय बाजूनेही एक वेत होऊ देण्याचा काही लाभ नाही. सहा महिन्यांच्या आत ऑपरेशन झालं तर स्तनांच्या कर्करोगाचा धोका ९१ टक्क्यांनी घटतो, वर्षाच्या आत ८६ टक्क्यांनी, दोन वर्षांनंतर घट उरतच नाही. मांजरीत अशा गाठी बहुतांश मारक निघतात. तुमची सात महिन्यांची आहे, वर्षाच्या आत आहे, एका वेतापायी हा वेळ घालवू नका.

आधीच व्यालेली असेल तर पिल्लं खायला लागून सुटेपर्यंत थांबा, दूध आटायला पुढे दोन आठवडे द्या, आणि तोवर तिला आतच ठेवा. पाजती असताना थरथर कापायला लागली, पाय ताठले, तर कॅल्शियम उतरलंय, त्याच तासाला दवाखाना.

शाहूपुरी७ (सोमवार, दुपारी २.००)
ऑपरेशननंतर भिंतीवर मुतणं थांबेलच ना?

सुईदोरा (सोमवार, दुपारी २.४०)
माजामुळे असेल तर थांबतं. माजात किंवा माजानंतर लगेच ऑपरेशन झालं तर काही दिवस उरलेला असर दिसू शकतो, घाबरू नका. शंभरात पाचेक भाट्या ऑपरेशननंतरही मारतात, त्यामागे नवी मांजर, घरबदल, खिडकीबाहेरचा बोका अशी कारणं असतात. महिन्यांनंतर पुन्हा तीच लोळण, तीच दबण दिसली तर बीजांडाचा तुकडा आत राहिलाय, तो शोधून काढावा लागतो.

आणि खाणं पाव हिश्शाने कमी करा. भूक वाढते, खर्च कमी होतो, सहा महिन्यांत उशी होते.

कृष्णाकाठ (मंगळवार, रात्री ९.३०)
काल रात्री एकदाही ओरडली नाही. रविवारी रात्री शेवटचं. खाणं आज पूर्ण.

पोवईनाका (मंगळवार, रात्री ९.४८)
मग सोमवार पहिला शांत दिवस धरा. शुक्रवार ते पुढचा सोमवार ही तुमची ऑपरेशनची खिडकी. त्यापुढच्या बुधवारनंतर भरवसा नाही.

कृष्णाकाठ (बुधवार, दुपारी १२.०५)
शनिवार सकाळी नऊची वेळ मिळाली. शुक्रवारी रात्री दहाला शेवटचं जेवण. जाळी उद्या बसतेय, एक इंची. क्रेट मिळाले.

वळचण (बुधवार, दुपारी १२.११)
कात्री?